आतल्या चाकाची हवा

गाडीच्या टायरला लाथ मारायला आपल्याकडे लायसन्स लागत नाही. गाडी आपली असावी लागत नाही, गाडीवाल्याची ओळख असावी लागत नाही. काल ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका टायरच्या दुकानासमोर एका पूर्ण अनोळखी गृहस्थांनी माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला चपलेसकट लाथ हाणली, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि निकाल दिला, "हवा फुल आहे. यांना काही लागत नाही." निकाल मला नाही, दुकानदाराला दिला. आणि दुकानदाराने माझ्यासमोर काढून ठेवलेला, टायरची हवा मोजणाऱ्या सेन्सरचा खोका उचलून पुन्हा मागच्या फळीवर ठेवला.

रात्री जेवताना मी हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी हिने "आमटी वाढू का?" विचारून विषय मिटवला. तिचा मिटला. माझा अजून मिटायचाय.

गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. मेव्हण्याने आणि मी भागीत एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिची कॅम्परव्हॅन करून घेतली. आत झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी आणि एक बेसिन. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हाच मेव्हण्याच्या डोक्यात हा किडा शिरला. घोडबंदर रोडच्या सोसायटीत ही गाडी उभी कुठे करायची याचं धोरण मात्र अजून कुणी आणलेलं नाही. ती पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये असते आणि सेक्रेटरी रोज तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघतात. असो.

तर या गाडीला मागे जोडचाकं आहेत. पुढे दोन, मागे चार आणि एक स्टेपनी. जोडचाकांची खोड अशी की आतलं चाक हवा जाऊन बसलं तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. सोसायटीच्या कमिटीत एकटा खजिनदारच सगळं ओढत असतो, तसं बाहेरचं चाक मुकाट्याने दोघांचं ओझं वाहतं. गाडी सरळ चालते, स्टिअरिंग कुठे ओढत नाही. आणि ते बाहेरचं तापत तापत भर घाटात फुटतं. म्हणून प्रत्येक चाकाला हवेचा दाब सांगणारा सेन्सर हवा. टीपीएमएस म्हणतात त्याला. मागणी एवढीच होती.

कारवाल्यांचं बरं असतं. बऱ्याच गाड्यांत कंपनीच बसवून देते. काही गाड्यांत तर दाब मोजणारा सेन्सर नसतोच. हवा उतरलेलं चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतं, ते ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या लक्षात येतं आणि दिवा लागतो. आमच्यासारख्यांनी मात्र बाजारात हिंडायचं. त्यात दोन जाती. एक टायरच्या आत, रिमवर व्हॉल्व्हच्या बुडाशी बसणारे. ते बसवायला टायर उतरवावा लागतो आणि त्यांची बॅटरी आत सीलबंद असते, ती संपली की अख्खा सेन्सर टाकून द्यायचा. दुसरे व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बाहेरून फिरवून बसवायचे. हे घरी बसवता येतात, बटण सेल बदलता येतो आणि कुणालाही चोरून नेता येतात. चोरी होऊ नये म्हणून सोबत एक नट आणि एक चिमुकला पाना देतात. म्हणजे हवा भरायला गेलं की आपण पाना घेऊन प्रत्येक चाकापाशी उकिडवं बसायचं आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवायचा.

शिवाय बाहेरचा सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून धरतो. त्याचं वायसर हलकं निघालं तर हवेवर पहारा देणाराच हवा सोडत बसतो. रबरी व्हॉल्व्ह असेल तर सेन्सरच्या वजनाने तो फिरताना बाहेर ओढला जातो, म्हणून धातूचा व्हॉल्व्ह लावा. बाहेरचा सेन्सर तापमान दाखवतो तेही टायरच्या पोटातलं नव्हे, अर्धं वाऱ्याचंच. आणि आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत तर माझी बोटंच पोचत नाहीत. त्यातून आमच्या गाडीला 60 पीएसआय (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) हवा लागते आणि कारसाठीच्या काही किटची धाव पन्नासच्या आसपासच संपते.

एवढा अभ्यास करून, कागदावर प्रश्न लिहून मी दुकानात गेलो होतो.

"साठ पीएसआय मोजतो का हा?"

"मोजतो ना साहेब."

"जास्तीत जास्त किती मोजतो?"

"सगळं मोजतो."

"खोक्यावर काही लिहिलंय का?"

"साहेब, सगळे हाच नेतात."

"पण यात चारच सेन्सर आहेत. मला सहा हवेत."

"मग दोन किट घ्या. दोन डिस्प्ले येतील. एक तुमच्यासमोर लावा, एक मॅडमसमोर."

इथपर्यंत मी शांत होतो. दुकानात प्लास्टिकची एकच खुर्ची होती आणि तिच्यावर ते काका बसले होते. स्कूटरच्या पंक्चरसाठी आले होते म्हणे. पंक्चर केव्हाच निघालेलं, स्कूटर बाहेर स्टँडवर उभी, काका आत चहा पीत. ग्राहक मी, पैसे देणार मी, आणि उभा मीच. चहाही एकच आला होता.

"कसली गाडी?" काकांनी दुकानदाराला विचारलं.

"कॅम्पर आहे काका. आत झोपतात."

"आत झोपतात?" आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घर नाही का?"

"आहे की. घोडबंदरला."

"किती बीएचके?"

"टू."

"मग?"

त्या 'मग'पुढे मी गप्प झालो. मेव्हण्याला न्यायला हवं होतं, तो या विषयावर तासभर बोलतो.

काका उठले, बाहेर आले आणि गाडीला एक प्रदक्षिणा घातली. खिडकीला नाक लावून बेसिन बघितलं. मग ती लाथ. मग तो निकाल. मी म्हटलं, "काका, लाथेने टायर भरलेला की बसलेला एवढंच कळतं. साठ आहे की पंचेचाळीस, ते नाही कळत."

"मी एसटीत होतो," काका म्हणाले. "खोपटला. चौतीस वर्षं." दुकानदाराने माझ्याकडे बघून मान हलवली, आता ऐका म्हणून. "लाल डब्याला कुठे होता हो सेन्सर? ड्रायव्हर टॉमी घेऊन खाली उतरायचा, चाकाला एकेक टोला हाणायचा, संपलं. महाबळेश्वरपर्यंत जायच्या गाड्या."

"आता तुम्ही जे ऐकलंत, ते किती पीएसआय?"

"बरोबर आहे."

"आकडा?"

"आकड्याचं काय करायचंय? तुम्हाला गाडी चालवायचीय की परीक्षेला बसायचंय?"

दुकानदार हसला. टायर उतरवणारा पोरगाही हसला. मी त्या पोराला म्हटलं, "आतल्या चाकाची हवा बघ." तो म्हणाला, "आतल्या? ती कोण बघतं?" अगदी खरं बोलला. शेवटी कुरकुरत आडवा झाला, हात घालून गेज लावला. डावं आतलं चाक 38 निघालं. साठच्या जागी अडतीस. मी काही बोललो नाही, फक्त गेज काकांच्या समोर धरला. काकांनी चष्मा वर करून गेज पाहिला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "गेज गेलाय."

आणि दुकानदार काय म्हणाला? त्याच्याच दुकानातला, त्याच्याच पोराच्या हातातला गेज. म्हणाला, "हां, काका म्हणतात ते पण आहे. जुना आहे तो."

याचाच राग आलाय मला. काकांचा नाही. काका त्यांच्या जागी सुखी आहेत. पण ज्याचा धंदाच टायरचा आहे त्याने स्वतःच्या गेजवर विश्वास ठेवू नये आणि चपलेवर ठेवावा? मग लोकांनी हवा कुणाला विचारायची? घोडबंदरच्या पेट्रोल पंपावर विचारावं, तर तिथला पोरगा समोर ट्रक असो की स्कूटर, पाइप हातात घेऊन "पैंतीस?" एवढंच विचारतो. दुसऱ्या पंपावर जावं तर तिथलं मशीन भलतंच सांगतं. आपल्याकडे गाडी पुसायला माणूस मिळतो, लिंबू-मिरची बांधायला माणूस मिळतो, थंड टायरची हवा बरोबर मोजून देणारा मिळत नाही. थंड म्हणजे गाडी तीन तास तरी उभी असलेली. कारण गाडी चालली की टायर तापतो आणि हवेचा दाब वाढतो. साठच्या टायरमध्ये दर दहा अंशांमागे साधारण अडीच पीएसआय. ती वाढ धरूनच टायर बनवलेला असतो, ती सोडायची नसते.

हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "छे! गरम झाली की थोडी सोडायचीच. नाहीतर फुटतो." म्हणजे दुपारी सोडायची आणि पहाटे गार झाल्यावर पन्नासावर गाडी हाकायची. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी पडून, बाजूची भिंत वाकून वाकून तापल्याने. मी हेही सांगितलं. काका म्हणाले, "मग नायट्रोजन भरा. तो तापत नाही." तापतो. आणि आपण फुकट भरतो त्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. पण हे सांगायला गेलो तर दुकानदाराचं तोंड उतरलं, कारण बाहेर त्याने नायट्रोजनची पाटी लावली होती, दरासकट.

मग काकांनी पेपरातली बातमी काढली. सेन्सर लावला की स्टेपनी ठेवावी लागत नाही, सरकारनेच सांगितलंय, स्टेपनी काढून टाका, आत अजून एक माणूस झोपेल. नियम 2020 मध्ये आला हे खरं. पण तो साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांसाठी, ट्यूबलेस टायर, सेन्सर आणि पंक्चर काढायचं किट तिन्ही असेल तर. बातमी काकांनी शीर्षकापर्यंत वाचली होती.

खरं तर जोडचाकांना वाली कुठेच नाही. अमेरिकेत 2000 साली फायरस्टोनचे टायर आणि फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांचे अपघात गाजले, कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना हा सेन्सर सक्तीचा झाला. त्या नियमात एक अपवाद आहे: अ‍ॅक्सलला जोडचाकं असलेल्या गाड्या. जिथे चाक बसलेलं दिसत नाही, कळत नाही, तिथेच सक्ती नाही! आणि ज्यांना आहे त्यांच्याही गाडीत दिवा लागतो तो हवा पंचवीस टक्के उतरल्यावर. आमच्या हिशेबाने पंचेचाळीसवर. म्हणून मला इशाऱ्याचा आकडा स्वतः लावता येईल असा सेन्सर हवा होता, पण दुकानदाराला हे विचारल्यावर तो म्हणाला, "ते फॅक्टरी सेट येतं साहेब, हात नाही लावायचा."

निघताना मी काकांना सहज विचारलं, "एसटीत वर्कशॉपला होतात का?"

"छे हो," काका पुन्हा खुर्चीत बसत म्हणाले. "पासच्या खिडकीवर."

दुकानदाराला सांगून आलो: सहा सेन्सरचं किट मागव, ट्रकवालं, शंभर पीएसआयच्या पुढे मोजणारं. आतल्या दोन चाकांना रिमवर बसणारे सेन्सर, बाहेरच्यांना टोपीवाले, सगळे एकाच डिस्प्लेवर दिसणारे, आणि सहाही व्हॉल्व्ह धातूचे. त्याने सगळं सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं. डाव्या आतल्या चाकात साठ भरून घेतली. त्याचे पैसे वेगळे घेतले, आडवं व्हावं लागतं म्हणून.

आज सकाळी त्याचा फोन आला.

"साहेब, तुमचं सहावालं किट आलंय. घेऊन जा."

"शंभरच्या पुढे मोजतं ना?"

"एक नंबर आहे साहेब."

"अरे, खोक्यावर वाच ना. आणि इशाऱ्याचा आकडा बदलता येतो का बघ."

पलीकडे खोका उघडल्याचा आवाज आला, मग कुणीतरी काहीतरी टेबलावर आपटल्याचा, मग थोडी कुजबुज.

"साहेब, टेन्शन नका घेऊ. काकांनी बघितलंय. ओके म्हणाले."