एका तासाची मुंबई

15 जून 2023 ला सोलापूरच्या विमानांची वाट अडवणारी साखर कारखान्याची ती चिमणी आडवी झाली, तेव्हापासून मी विमानात बसायच्या तयारीत होतो. 2025 च्या ऑक्टोबरात मुंबईचं विमान सुरू झालं. पुतण्यानं मोबाईल बघून सांगितलं, "काका, रेल्वेनं साडेचारशे किलोमीटर, हवाई अंतर फक्त साडेतीनशे. एक तास!"

शंभर किलोमीटर नुसते हवेत वाचले, या आनंदात मी डोंबिवलीच्या ताईला कळवलं, "चहा टाक, आलोच."

विमान दुपारी सव्वादोनचं. बारालाच या म्हणाले, म्हणून साडेअकराला रिक्षात बसलो. होटगी रोडला वळताना रिक्षावाल्यानं विचारलं, "कुणाला सोडायला चाललाव?" मीच चाललोय म्हटल्यावर त्यानं आरशातून माझ्या पिशवीकडं पाहिलं. पिशवीत शेंगाची चटणी आणि पन्नास कडक भाकरी. ही पिशवी विमानतळावर यंत्रातून दोनदा गेली. तिसऱ्यांदा साहेबांनी स्वतः वास घेतला आणि मान डोलावली. तरी पिशवी हातात ठेवू दिली नाहीच, सामानात टाकायला लावली. माझं काळीज तिथंच चर्र झालं.

विमान सुटलं पावणेतीनला. उडाल्यावर मात्र खरंच झकास. उजनीचं पाणी दिसलं की काय म्हणेपर्यंत ढग आले, आणि ढग संपेपर्यंत मुंबई आली. आली, पण खाली घेईना. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते, असं शेजारच्या गृहस्थांनी समजावलं. त्यांचं समजावणं संपलं तरी आम्ही घिरट्याच घालत होतो. एका घिरटीत त्यांनी खाली बोट दाखवलं, "ती बघा कल्याणची खाडी, पलीकडं डोंबिवली." ताईचं घर माझ्या बुडाखाली होतं, आणि उतरायची सोय नव्हती.

तेवढ्यात आठवलं, आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस कल्याणला थांबते. रात्री सोलापुरात पडायचं, पहाटे कल्याणला उठायचं, पुढं लोकलची दोन स्टेशनं.

सामानाच्या पट्ट्यापाशी उभा होतो तेव्हा बायकोचा फोन. "पोचलात? ताईंना चटणी आवडली का?" मी म्हटलं, "अजून मीच पट्ट्यावर आलो नाही." म्हणायचं होतं पिशवी, पण खोटं काही बोललो नाही.

टॅक्सीनं मग आकाशातून पाहिलेली सगळी वाट जमिनीवरून उलटी दाखवली. ऐरोलीचा पूल, शिळफाटा, आणि मध्ये मध्ये नुसतंच थांबणं. डोंबिवलीत पोचलो तेव्हा सात वाजले होते. साडेसात तास. भाऊजी दारातच म्हणाले, "वंदे भारत साडेसहा तासांत थेट सीएसएमटीला आणते." या माणसाला वेळापत्रक पाठ असतं, हा त्यांचा जुना दोष आहे.

ताईनं पिशवी उघडली. पन्नास भाकरींचा बारीक चुरा. ती क्षणभर बघत राहिली, मग आमटीचं पातेलं पुढं ओढत म्हणाली, "बरं झालं, चुरायचे कष्ट वाचले."