एआयच्या शेजारी राहून वीज कशी वाचवावी

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात फ्लॅट घेतला असेल तर आधी तुमचं अभिनंदन. कुणाच्या बाल्कनीतून खाडी दिसते, कुणाच्या डोंगर. तुमच्या बाल्कनीतून डेटा सेंटर दिसतं, म्हणजे एआयचे संगणक रात्रंदिवस जिथे चालतात ती इमारत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एकेकाळी केमिकलचा वास यायचा; या बिनखिडक्यांच्या इमारतींना कसलाच वास नाही. वास नाही म्हणजे प्रदूषण नाही, हे एकदा मनाशी पक्कं करा. वीज कोळशाची असली तर धूर चंद्रपूरला निघेल, आणि चंद्रपूर काही आपल्या पिन कोडात येत नाही.

आता बचतीला लागा. सुरुवात नेहमी घरातल्या सर्वांत गरीब उपकरणापासून करावी. देवघरातला झिरोचा बल्ब बंद करा. गीझर पाच मिनिटं जास्त चालला म्हणून मुलीला ऐकवा. जिन्यातला दिवा दुपारी कोणी चालू ठेवला, यावर सोसायटीच्या ग्रुपवर चौकशी लावा. एवढं झालं की शांतपणे बसून एआयकडून बाप्पा पाम बीच रोडवर स्कूटर चालवतायत असा व्हिडिओ करून घ्या. आवडला नाही तर पुन्हा करा. बाप्पाचा हेल्मेट राहिला असेल तर आणखी एकदा.

कोणी हटकलं तर आकडा तयार ठेवा. गूगलने 2025 मध्ये सांगितलं की जेमिनी या आपल्या एआयला विचारलेल्या एका साधारण लेखी प्रश्नाला 0.24 वॉट-तास वीज लागते. म्हणजे एका युनिटात (1,000 वॉट-तासांत) 4,000 हून जास्त प्रश्न! हा आकडा ठणकावून सांगा. तो फक्त मजकुराचा आहे, व्हिडिओचा नाही, हे सांगायची गरज नाही. आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा आकडा तर अजिबात काढू नका: जगभरच्या डेटा सेंटरनी 2024 मध्ये सुमारे 41,500 कोटी युनिट वीज वापरली, आणि 2030 पर्यंत ती 94,500 कोटींच्या आसपास जाईल असा अंदाज आहे. आख्ख्या जपानला वर्षभर लागते त्याहून थोडी जास्तच. असले आकडे चहाची चव घालवतात.

एआयला ‘प्लीज’, ‘थँक्यू’ म्हणावं का? चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या सॅम ऑल्टमनना कोणीतरी या शब्दांवर होणारा विजेचा खर्च विचारला, तेव्हा काही कोटी डॉलर, पण सत्कारणी लागले, असं ते म्हणाले. तेव्हा यंत्राशी सभ्यपणे वागा. वॉचमनशी वागायला वीज लागत नाही, म्हणून ते राहून जातं.

तरीही टोचणी लागली तर रामबाण वाक्य असं: ‘अहो, एआयच तर स्वच्छ ऊर्जा आणणार आहे!’ यात तथ्यही आहे, हीच तर खरी सोय. गूगलच्याच डीपमाइंड या एआय कंपनीने 2016 मध्ये गूगलच्या डेटा सेंटरमधली थंड करण्याची वीज 40 टक्क्यांपर्यंत खाली आणली. 2019 मध्ये वारा किती वाहील याचा 36 तास आधी अंदाज बांधून पवनऊर्जेचं मोल सुमारे 20 टक्क्यांनी वाढवून दाखवलं. ऊन-वाऱ्याच्या लहरी विजेला ग्रिडवर जागा मिळायची तर असे अंदाज लागतातच. फक्त वाचलेल्या विजेवर आणखी सर्व्हर बसतात, हे कंसात ठेवा. मायक्रोसॉफ्टने तर 2024 मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची 2019 पासून बंद असलेली अणुभट्टी सुरू करून घ्यायचा 20 वर्षांचा करार केला. भूक अशी असावी, की बंद पडलेल्या चुली पेटल्या पाहिजेत.

राहता राहिला आपल्या गच्चीवरचा सोलर. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायट्यांना केंद्राच्या सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. घाई करू नका. वरच्या मजल्यावरच्या काकांना आधी विचारा. पॅनेलच्या बोल्टमुळे लीकेज होईल असं ते म्हणतीलच. मग दोन कोटेशनं मागवा, तिसरं यायचं आहे म्हणून विषय पुढच्या वार्षिक सभेवर ढकला. तोवर एआयकडून आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर निळेशार पॅनेल चमकतायत असं चित्र करून घ्या आणि ग्रुपला डीपी लावा. शेजारी एक पवनचक्कीही टाकायला सांगा. तिला सभेची मंजुरी लागत नाही आणि बोल्टही मारावे लागत नाहीत.