डॅशबोर्डच्या आधी आयटम मास्टर उघडा

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत सध्या डॅशबोर्ड आणि एआयची चर्चा जोरात आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्यावर पैसे घालण्याआधी आयटम मास्टर, म्हणजे ईआरपीतली (कंपनीचा स्टॉक, खरेदी, हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) मालाची कोडवार यादी, उघडा आणि '६२०५' शोधा.

२५ मिमी बोअरचं (आतल्या भोकाचं) साधं बॉल बेअरिंग. पण '६२०५ झेडझेड', '६२०५-२झेड', 'बीआरजी ६२०५' असे त्याचे तीन-तीन कोड सापडतात. एका कोडवर स्टॉक शून्य दिसला की परचेस विभाग नवी ऑर्डर काढतो, आणि तोच माल दुसऱ्या कोडाखाली रॅकमध्ये पडून असतो.

पण म्हणून नुसती नावं जुळवून कोड एकत्र करू नका! झेडझेड आणि २झेड एकच: दोन्ही बाजूंना पत्र्याची शिल्ड, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी. २आरएसला मात्र रबरी सील असतं, आणि सी३ म्हणजे आतला क्लिअरन्स (मोकळी जागा) जास्त. हे वेगळे माल. मेंटेनन्सचा माणूस हे एका नजरेत सांगतो. यादीच्या साफसफाईला आयटीच्या शेजारी त्याला बसवाच.

मुळात कोड वाढतात कशाने? गाडी गेटवर उभी, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) अडलेला, शोधायला वेळ नाही, की उघड नवा कोड. नवा कोड उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे हवा, आणि त्याने त्याच दिवशी उत्तर द्यायला हवं. तो दोन दिवस लावू लागला, तर लोक सगळं 'इतर' या कोडात ढकलतील, आणि ते जास्त वाईट. जुना कोड डिलीट करू नका. आधी त्यावरच्या उघड्या ऑर्डरी संपवा, शिल्लक नव्या कोडावर वळवा, मग ब्लॉक करा. मागचा हिशोब शाबूत राहतो.

मोजमापाच्या युनिटचा घोळही तितकाच महागात पडतो. २० मिमीचा गोल बार किलोत येतो, शॉप फ्लोअरवर मीटरमध्ये जातो. मीटरला साधारण २.४७ किलो, हे मास्टरमध्ये नसेल तर प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने नोंद करतो.

सप्लायरचं त्या मानाने सोपं. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांतली पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची. पॅनवर जुळवा, एकाच कंपनीची महाराष्ट्रातली २७ आणि कर्नाटकातली २९ ची नोंदणी लगेच शेजारी येते.

आणि ही सगळी यादी एक्सेलमधून परत चढवताना कोडचा कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, मगच डेटा आत घ्या. नाहीतर '००४५२' चं '४५२' होतं, आणि ईआरपीत पुन्हा एक नवा कोड जन्माला येतो.