‘अंगण वाकडं’ म्हणणाऱ्या फोंडेकरांना

फोंडेकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि रागाने मोबाइल पालथा घालून ठेवला. सोमवारी पदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याने जाग आली, पोई, म्हणजे आमचा गोव्याचा पाव, घेतली आणि चहाबरोबर ती पुन्हा वाचली. तोवर राग निम्मा उतरला होता. उरलेल्या निम्म्यात हे उत्तर लिहितेय, तेव्हा कुठे तिखट लागलं तर सांभाळून घ्या.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ‘आठ महिने, एक गिऱ्हाईक’ या लेखात मी लिहिलं होतं की छापखान्यातली नोकरी सुटल्यावर भाषांतर, मुद्रितशोधन आणि पानांची मांडणी ही कामं ऑनलाइन मिळवायचा प्रयत्न केला आणि तो कसा फसला. त्यावर फोंडेकर म्हणतात: दिल्ली-बंगळूरची मुलं गोव्यातल्या आसगावात बसून डॉलर कमावतात आणि तुम्ही डिचोलीत बसून रडता. नाचता येईना अंगण वाकडं. दर खाली आणा, दोन-चार कामं फुकट करून द्या, सगळे असंच सुरू करतात. आणि घरात नवऱ्याचा पगार येतो म्हणूनच तुम्हाला कामं नाकारायची चैन परवडते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो खरा आहे. नवरा शाळामास्तर आहे, सरकारी. दर महिन्याला पगार होतो. घर सासऱ्यांचं, भाडं नाही. त्या आठ महिन्यांत माझ्या हातात जवळजवळ काहीच आलं नाही. एकटी असते तर तिसऱ्याच महिन्यात कुठल्या तरी दुकानाच्या काउंटरवर उभी राहिले असते. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. न लिहिल्यामुळे तो लेख धीर धरल्याची गोष्ट वाटतो. प्रत्यक्षात तो धीर दुसऱ्याच्या पगारातून आला होता. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत.

आता आसगाव. तिकडच्या एकाशी मी बोललेय. पणजीला एका ठिकाणी अशी लॅपटॉपवाली मंडळी जमली होती, मैत्रिणीने ओढत नेलं म्हणून गेले. बंगळूरचा एक मुलगा, ॲपचे पडदे डिझाइन करतो. मी गावंढळासारखं सरळ विचारलं, तुला कामं मिळतात कुठून? म्हणाला, जुन्या कंपनीतला साहेब दुसऱ्या कंपनीत गेला, तो देतो. दुसरं काम? त्या साहेबाच्या मित्राचं. संपलं. म्हणजे तो गोव्यात गिऱ्हाईक शोधायला आलाच नव्हता, गिऱ्हाईक खिशात घालून आला होता. इथे त्याने शोधलं ते फक्त घर, आणि त्या शोधात इथल्या भाड्यांचं काय झालं ते फोंड्याच्या माणसाला मी सांगायला नको. त्याचा हेवा करा, हरकत नाही, पण तो आणि मी एका शर्यतीत नव्हतो.

अंगणाबद्दल. अंगण थोडं वाकडं होतं आणि नाचही येत नव्हता. दोन्ही सांगते.

अपवर्क या ऑनलाइन कामांच्या संकेतस्थळावर अर्ज करायला ‘कनेक्ट्स’ नावाची टोकनं लागतात. फुकट मिळतात ते लगेच संपतात, पुढे 15 सेंटला एक या भावाने विकत घ्यायचे, आणि एका अर्जाला अनेक लागतात. काम मिळो न मिळो, ते गेले. मी 74 अर्ज केले. पदरचे 61 डॉलर घातले. उत्तरं आली तीन. काम मिळालं एक, 20 डॉलरचं, त्यातले 10 टक्के त्यांनी कापून 18 हातात. (2024ची गोष्ट, आता कापण्याचं प्रमाण कामागणिक बदलतं.) हिशोब तुम्हीच करा. अमेरिकेतली सकाळ म्हणजे आपली दिवेलागण. काम झळकलं की मी वरण गॅसवर ठेवून धावत यायचे, तोवर तिथे ‘50हून अधिक अर्ज’ असं दिसायचं. पावसाळ्यात तर वीज गेली की तेवढंही नाही.

पण माझे अर्जही भिकार होते. परवा जुने काढून वाचले. ‘मी कष्टाळू, प्रामाणिक असून दिलेल्या वेळेत काम पूर्ण करते. मला 12 वर्षांचा अनुभव आहे.’ अहो, हे मुलगी दाखवायच्या वेळचं वाक्य आहे! समोरच्याला काय अडलंय, ते मी कसं सोडवीन, याचा एक शब्द नाही. भाषांतर, टायपिंग, मुद्रितशोधन, मांडणी, उपशीर्षकं, सगळं येतं असं लिहिलं होतं. सगळं येणाऱ्या बाईला नेमकं कशासाठी बोलवायचं ते कुणाला कळणार?

दराबद्दल तुमचा सल्ला मी तुम्ही देण्याआधीच पाळला होता. तासाला 10 डॉलरवरून 4 वर आले. तिथे तासाचा किमान दरच 3 आहे, म्हणजे तळाला पाय टेकायला एक डॉलर उरला होता. स्वस्त झाल्यावर गिऱ्हाइकं वाढली नाहीत, फक्त ती कशी आहेत ते बदललं. ‘मशीनने भाषांतर केलंय, तुम्ही नजर टाका’ म्हणणारे येऊ लागले. गूगलच्या भाषांतरात 2022मध्ये कोंकणीसुद्धा आली, तेव्हा ‘मशीन करतं की’ हे कोंकणीच्या कामालाही ऐकावं लागतं. नजर टाकायला बसलं की निम्मं नव्याने लिहावं लागतं, पैसे नजरेचे.

आणि फुकट नमुने. एका एजन्सीने (नाव सांगत नाही, काम बाहेरगावचं) चाचणी म्हणून दोन पानं पाठवली. मी रात्र जागून सुंदर करून दिली. पाठवताना लक्ष गेलं, पानांच्या तळाशी आकडे होते: 37 आणि 38. मग डोक्यात आलं, 36वं कुणाला दिलं असेल, आणि 39वं? अख्खी पुस्तिका ‘चाचणी’ म्हणून वाटून टाकली असेल का? पुरावा काही नाही. उत्तर मात्र आजतागायत आलेलं नाही. तेव्हापासून कुणी नमुना मागितला की मी आधी केलेलं काम दाखवते, नाहीतर एक परिच्छेद. दोन पानांचे पैसे पडतील म्हणते. याला तुम्ही गर्व म्हणालात. म्हणा.

आता मूळ लेखात जे नव्हतं ते. तो लेख आठव्या महिन्यात लिहिला. पुढचं असं झालं.

गोव्यात मराठीला काम नाही, असं मीसुद्धा समजत होते. 1987च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामाला मराठीही वापरता येईल अशी सोय राहिली, ते भांडण आपण दोघांनी लहानपणापासून ऐकलंय. पण कायदा बाजूला ठेवून नुसते कागद मोजा. जत्रेची पत्रिका, देवस्थानाचा अहवाल, नाटकाच्या जाहिराती, पतसंस्थेची वार्षिक सभा, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, बाराव्याचं पत्र. ढीगभर मराठी छापली जाते. मग त्याचे पैसे कुणाला मिळतात? छापखान्याला. आपल्याकडे भाषेसाठी वेगळे पैसे देतात हे कुणाच्या गावीच नाही. हजार प्रतींचा दर ठरतो, त्यात अक्षरजुळणी आली, त्यातच शुद्धलेखन. ज्या नोकरीत मी 12 वर्षं काढली तिथे हेच रोज बघितलं, आणि घरी बसल्यावर मात्र गिऱ्हाईक शोधायला गेले कॅलिफोर्नियात.

एका शुक्रवारी म्हापशाला बाजाराला गेले होते. जाताजाता एका छापखान्यात डोकावले. मालक फोनवर होता, हाताने बस म्हणाला. टेबलावर एका स्मरणिकेची मुद्रितं पडलेली. वरचं पान बघितलं तर ‘मूर्ती’च्या जागी ‘मूतीर्’, ‘कार्तिक’च्या जागी ‘कातिर्क’, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’. मला हसूच आलं, कारण हा आजार मी ओळखते. जुनी फाइल श्रीलिपीसारख्या फाँटमधली असते. त्यात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, क्रम उच्चाराचा. फुकटच्या कन्व्हर्टरमधून मजकूर काढला की रफार एक घर चुकून बसतो आणि ‘ऱ्या’चा तो अर्धचंद्रासारखा र तर हमखास मरतो. सवयीने पर्समधलं पेन काढलं आणि खुणा करत बसले. त्याचा फोन संपेपर्यंत एका पानावर 11 झाल्या.

तो पान हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “बाये, मराठी आतां कोण वाचता?” मी म्हटलं, ज्याचं नाव चुकतं तो वाचतो. खुणांमधली एक नेमकी देणगीदाराच्या आडनावावर होती. त्याने अख्खा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

त्याचा मराठी ऑपरेटर दोन वर्षांपूर्वी सोडून गेला होता, नवा मिळत नव्हता. पुढच्या महिन्यात मी बसने डिचोली, साखळी, म्हापसा, फोंडा असे नऊ छापखाने पालथे घातले. पाच ठिकाणी हीच अडचण. दोघांनी चहा पाजून वाटेला लावलं, एकाने चहाही नाही. पण आता मी ‘सगळं येतं’ म्हणत नव्हते. एकच वाक्य: जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बिनचूक करून देते, पानाला इतके. एका देवस्थानाची 112 पानांची पुस्तिका आली, 2003च्या सीडीवर. ती सीडी वाचणारा ड्राइव्ह शोधायलाच दोन दिवस गेले, शेवटी भावाच्या माळ्यावरच्या संगणकात मिळाला. काम नऊ दिवसांचं.

पैसे? “चवथ जातकच पळोवया.” म्हणजे गणेशचतुर्थी झाली की बघू. चवथ झाली, गणपतीवरची माटोळी उतरली, दसरा गेला, दिवाळीला पोचले पैसे. याला गोवा वाकडा म्हणायचं असेल तर मी तुमच्या बाजूने. त्यानंतर मी ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची नोंदणी केली. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्यांच्या नादी लागू नये. 2006च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्याचं बिल ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरवलं तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करायचं असतं, नाहीतर व्याज. नोंदणीचा क्रमांक आणि ही ओळ आता माझ्या प्रत्येक बिलाखाली असते. देवाच्या दारात मी कायदा काढला नाही, काढणारही नाही. पण पुण्याच्या एका प्रकाशकाच्या हिशोबनिसाने ती ओळ वाचून स्वतः फोन केला, कारण 2024पासून अशी देणी मुदत उलटून वर्ष संपेपर्यंत थकवली तर त्या वर्षीच्या आयकरात तो खर्च दाखवता येत नाही. पैसे 31व्या दिवशी आले.

तुम्ही म्हणाल, मग हे ऑनलाइन कुठे राहिलं, हे तर बसने फिरून मिळवलेलं छापखान्याचं काम. बरोबर. गिऱ्हाईक बसने मिळालं. फाइल व्हॉट्सॲपवर येते, काम घरी होतं, पैसे यूपीआयने. त्या नवांपैकी चार जण आज नियमित काम देतात, पुण्याचा प्रकाशक त्यांच्यातल्याच एकाने सांगून जोडून दिला. गेल्या वर्षी महिन्याला सरासरी 17 हजार पडले. हे डॉलर नव्हेत, आणि यावर घर चालत नाही. नवऱ्याचा पगार अजूनही लागतोच, हे या वेळी आधीच सांगून टाकते.

आणि हो, अपवर्कचं खातं अजून आहे. त्यात काही कनेक्ट्स पडून आहेत. उघडून बघत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतली शेवटची ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती. ‘माझा भाचा ग्राफिक डिझाइन करतो, नोकरी सोडून बसलाय, तुमचा लेख वाचून पार खचला.’ रागाचं मूळ तिथे आहे ना? त्याला म्हणावं, मी पुढच्या मंगळवारी फोंड्याला येतेय, तिथल्या दोन छापखान्यांत काम द्यायचंय. एकाला निवडणुकीआधी डिझाइन करणारं कुणीतरी हवंय, दहा वेळा विचारून झालंय त्याचं. दहा वाजता बसस्टँडवर भेटला तर बरोबर घेऊन जाईन. फक्त कामं मोबाइलवर दाखवायला आणू नको म्हणावं. चार-पाच चांगली निवडून छापून आण. तिथली माणसं आधी कागद बोटांनी चाचपून बघतात, मग चित्राकडे.