रजेवरचा सैनिक आणि गणवेश : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कर्तव्यावर नसताना सैनिकाने किंवा अग्निशमन दलाच्या जवानाने गणवेशात बाजारहाट करू नये, लग्नकार्यात मिरवू नये, हे मी लेखात मांडलेले मत आपल्याला घरबसल्या केलेली शेरेबाजी वाटली. गणवेश त्याने घाम गाळून मिळवलेला आहे, ब्रिटनमध्ये तर तो घालून हिंडण्यास उत्तेजन दिले जाते, आणि आठवडी बाजारात लष्करी धर्तीच्या चट्ट्यापट्ट्यांच्या पँटी सर्रास विकल्या जात असताना बंधन खऱ्या सैनिकावरच का, असे आपले आक्षेप आहेत.

पहिल्या आक्षेपातील अभिमान मला पूर्ण मान्य आहे. परंतु गणवेश पाहणाऱ्या अनोळखी माणसालाही काहीतरी सांगत असतो : हा माणूस या क्षणी कामावर आहे, याच्यामागे तुकडी आहे, याचा शब्द मानायचा आहे. बाजारात आग लागली तर लोक गणवेशातल्या जवानाकडेच धाव घेतील. तो मात्र सुट्टीवर असल्यामुळे त्याच्याजवळ ना बिनतारी संच, ना पाण्याचा बंब, ना सहकारी. ती अपेक्षा पुरी करणे त्याच्या हाती नसते आणि दोष मात्र त्याच्या पदरी येतो.

ब्रिटनचे उदाहरण अर्धेच आहे. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडण्यासाठी लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेच्या हल्ल्यांच्या भीतीने तेथील सैनिक कित्येक वर्षे छावणीबाहेर गणवेश टाळत असत. ती सवय मोडावी आणि समाज व सैन्य यांतील दुरावा कमी व्हावा, म्हणून २००८ च्या एका सरकारी अहवालाने गणवेशाला उत्तेजन देण्याची शिफारस केली. त्याच वर्षी पीटरबरो शहरात शिवीगाळ होऊ लागल्याने जवळच्या विटरिंग हवाई तळावरील जवानांना शहरात गणवेश घालू नका, असे सांगावे लागले होते. आपल्याकडे तसा दुरावा कुठे आहे? साताऱ्याजवळच्या एका गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी आहे. रजेवर निघालेला जवान साध्या कपड्यांत असला, तरी काळी ट्रंक आणि बारीक कापलेले केस पाहून एसटीतले लोक त्याला सरकून जागा देतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी पोशाखात आले होते, आणि त्यानंतर लष्कराने नागरिकांना असे कपडे वापरू नका, दुकानदारांना ते विकू नका, असे आवाहन केले. तरीही बाजार थांबला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, आपण सैनिक आहोत असे भासवण्याच्या हेतूने तसा वेश करणाऱ्या नागरिकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु मळकी चट्टेरी पँट घालून उसाच्या फडात राबणाऱ्याचा असा कोणताच हेतू नसतो, आणि त्याला कुणी पकडूही नये. लष्करी तळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला मात्र हेतू दिसत नाही, त्याला फक्त कापड दिसते. म्हणूनच २०२२ च्या सेनादिनी सादर झालेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीची लष्कराने नोंदणी करून घेतली; आता नक्कल विकणाऱ्यावर त्या नोंदणीच्या आधारे कारवाई करता येते. खऱ्या जवानांनीही तो कामापुरताच वापरला, तर भाजीबाजारात दिसणारा गणवेश आपोआप संशयास्पद ठरेल, आणि ते जवानांच्याच हिताचे आहे.

अग्निशमन दलाबाबत एक वेगळे कारण आहे, ज्याकडे आपली प्रतिक्रिया वळलीच नाही. आगीत वापरलेल्या संरक्षक सूटवर काजळी आणि घातक रसायने चिकटून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला आहे. तो सूट घालून चहाच्या टपरीवर किंवा घरी जाणे, लेकराला कडेवर घेणे, यात मिरवण्यासारखे काहीच नाही.

राहिला आपल्या भावाने लग्नात गणवेश घालण्याचा प्रश्न. तेथे माझे मत गौण आहे. दलाचे नियम आणि वरिष्ठांची परवानगी असेल, तर त्यांनी समारंभाचा गणवेश जरूर घालावा. राजकीय व्यासपीठावर मात्र कोणत्याही वेशात जाऊ नये, कारण सेनेतील व्यक्तीने पक्षाच्या सभेत भाग घेण्यास लष्करी कायद्याचीच मनाई आहे. आपले वडील निवृत्त आहेत, असे आपण लिहिले आहे. कारगिल विजय दिनी त्यांनी कोटावर पदके लावण्याला माझा कधीच विरोध नव्हता, आणि मूळ लेखातही तसे कोठे म्हटलेले नाही.