१५ मिनिटांत तरुण पापण्या आणि आत्याच्या बंद केलेल्या गोळ्या

रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. पाऊस झाला, लेकाच्या लग्नाचा हॉल झाला, केटररची भांडणं झाली, आणि मग हळूच म्हणाली, "अगं तू डोळ्यांच्या दवाखान्यात असतेस म्हणून विचारते, ते पापण्यांचं करून घ्यायचं ठरवलंय मी. गोळ्या बंद करून चार दिवस झालेत, अजून अकरा दिवस थांबले की झालं ना?" मी चहा गाळत होते, अर्धा कट्ट्यावर सांडला. म्हटलं कुठल्या गोळ्या? तर त्याच. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ ठेवणाऱ्या. मागच्या दिवाळीनंतर तिला हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलाय, आठ महिने होतायत जेमतेम, आणि ही बाई कुणाला न विचारता चार दिवस गोळ्यांशिवाय बाजारहाट करत फिरतेय, का, तर भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला.

मागवून घेतला तो मेसेज. दोन बाणवाला फॉरवर्ड, म्हणजे माझ्या आत्यापर्यंत यायच्या आधी किती आत्यांकडे जाऊन आला असेल देव जाणे. खाली एका क्लिनिकचा नंबर आणि 'आषाढ ऑफर'. मेसेज थोडक्यात असा: लोंबणाऱ्या पापण्या आणि डोळ्यांखालच्या पिशव्या लेझरने १५ मिनिटांत जातात, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी लग्नाला उभे राहा. सुश्रुताने अडीच हजार वर्षांपूर्वी हेच केलं होतं म्हणून साइड इफेक्ट नाही. फक्त वरची कातडी काढतात, डोळ्याला धोका शून्य, उलट चष्म्याचा नंबर कमी होतो. काळी वर्तुळं कायमची जातात. मेडिक्लेममध्ये बसतं. एकदा केलं की आयुष्यभर बघायला नको. आणि सगळ्यात भारी वाक्य: "रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या १५ दिवस आधी आपणच बंद कराव्यात, डॉक्टरांना सांगितल्यास उगाच तारीख पुढे ढकलतात."

आधी या शेवटच्या वाक्याचं बघू, बाकीचं मग.

तारीख पुढे ढकलतात? हो, ढकलतातच! ढकलायलाच पाहिजे! नवीन स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली जाळी. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत रक्ताला ती परकी वस्तू वाटते आणि तिथे गुठळी धरू शकते, म्हणून सुरुवातीचे काही महिने, बऱ्याच जणांना वर्षभर, दोन-दोन गोळ्या देतात. त्या मधेच सोडल्या आणि स्टेंट तुंबला तर थेट हार्ट अ‍ॅटॅक. पापणीचं ऑपरेशन कोणत्याही महिन्यात करता येतं, त्याची काही घाई नसते. कोणती गोळी कधी थांबवायची, किती दिवस, एक थांबवून दुसरी चालू ठेवायची की ऑपरेशनच पुढल्या वर्षी करायचं, हे तुमचा हार्टवाला डॉक्टर आणि पापणीवाला सर्जन यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेणाऱ्यांचं तसंच, ज्यांना झडप बदललीय किंवा पायात गुठळी होऊन गेलीय त्यांचं तसंच. पेशंटचं काम एकच, काही लपवायचं नाही. आणि यात मेडिकलमधून स्वतः आणलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या गोळ्या, गुडघ्यासाठी रोज घेतलेली पेनकिलर हे पण आलं, कारण यांनीही रक्तस्राव वाढू शकतो आणि 'ते काय औषध आहे का' म्हणून कुणी सांगत नाही.

आता त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे ती नाइलाजाने मान्य करते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा आणि या ऑपरेशनचा संबंध आहे, आणि मोठा आहे. पण मग गंमत बघा, त्याच मेसेजमध्ये वर लिहिलंय धोका शून्य! धोका शून्य असेल तर गोळ्या कशाला बंद करायला सांगता बाबा? लिहिणाऱ्याला स्वतःचा मेसेज तरी वाचायचा होता.

धोका काय आहे ते सांगते. पापणीच्या आत, डोळ्याच्या खोबणीत चरबी असते. ती काढताना किंवा हलवताना बारीक रक्तवाहिनी सुटली तर रक्त डोळ्याच्या मागे साठतं. खोबण हाडाची, ती काही फुगत नाही, मग तो दाब जातो डोळ्यावर आणि डोळ्याच्या नसेवर. अमेरिकेतल्या पापणीच्या सर्जन लोकांच्या संघटनेतल्या डॉक्टरांकडून माहिती गोळा करून २००४ मध्ये याचा एक अभ्यास आला होता, आमचे सर अजून तोच सांगतात: कॉस्मेटिक पापणी ऑपरेशननंतर असा रक्तस्राव साधारण २००० मध्ये एकाला, आणि कायमची नजर जाणं साधारण २२,००० मध्ये एकाला. म्हणजे फार क्वचित, घाबरून पळून जायची गरज नाही. पण शून्य आणि २२,००० मध्ये एक यात त्या एकाचा डोळा असतो. बहुतेक वेळा हे पहिल्या २४ तासांत होतं, म्हणजे पेशंट घरी पोचल्यावर. त्या रात्री डोळा ठणकायला लागला, पुढे आल्यासारखा टणक वाटला, दिसायला कमी झालं तर सकाळची वाट बघायची नाही, पेनकिलर घेऊन झोपायचं तर अजिबात नाही. टाके उघडून दाब सोडवावा लागतो, आणि रक्तपुरवठा पूर्ण बंद पडला तर नजरेच्या पडद्याकडे साधारण दीड तासच असतो. म्हणून क्लिनिकला विचारायचा पहिला प्रश्न हा की रात्री अकरा वाजता फोन कोण उचलणार. मी आत्याला तो ऑफरवाला नंबर संध्याकाळी सात वाजता लावून बघायला सांगितला. रेकॉर्डेड आवाज, कामाची वेळ दहा ते सहा.

'फक्त कातडी' हे पण बोगस. पापणी मिटली पाहिजे, हेच तिचं मुख्य काम. जास्त कातडी काढली तर डोळा पूर्ण मिटत नाही, झोपेत फट राहते, बुबुळ कोरडं पडून जखम होते. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान २० मिलिमीटर कातडी राहिली पाहिजे असा सर्जन लोकांचा हिशेब असतो, म्हणून आधी पेनाने खुणा करून, पट्टीने मोजून घेतात. काढलेली कातडी परत चिकटवता येत नाही. ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत त्यांचं तर जास्तच जपावं लागतं, त्यासाठी कागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवून पाणी किती येतं ते मोजायची टेस्ट असते, रोज करते मी ती, पाच मिनिटांचं काम आहे. चष्मा घालवायचं लेझर नुकतंच झालं असेल तर पाच-सहा महिने तरी थांबायला सांगतात.

चष्म्याचा नंबर कमी होत नाही. होत नाही म्हणजे नाही. होतं काय, की पापणीची कातडी पार केसांवर ओघळलेली असेल तर वरचं आणि कडेचं दिसत नाही, माणूस दिवसभर कपाळ वर ताणून बघत राहतो, संध्याकाळी कपाळ दुखतं, आणि ऑपरेशननंतर ते मोकळं होतं, तेव्हा 'मला स्वच्छ दिसायला लागलं' म्हणतात. खरंच लागतं. पण पेपर वाचायला चष्मा तोच.

आणि एक गोष्ट या मेसेजमध्ये अजिबात नाही, ती मला सगळ्यात खटकली. पापणी का लोंबतेय हे कुणी विचारलंच नाही! कातडी सैल होणं वेगळं आणि पापणी उचलणारा स्नायू ढिला होणं वेगळं, दोन्हीची ऑपरेशनं वेगळी. आरशासमोर जास्तीची कातडी बोटाने हलकेच वर धरा, तरी पापणीची कडच बाहुलीवर आलेली दिसली तर नुसती कातडी काढून काही होणार नाही. कधी कधी खरी खाली आलेली असते भुवई, आणि कातडी काढली की ती अजून खाली येते. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी जड, मधूनच दोन-दोन दिसतं, असं असेल तर तो स्नायूंचा आजार असू शकतो. अचानक एकच पापणी पडली, डोकं दुखतंय, बाहुल्या लहान-मोठ्या दिसतायत, तर ब्युटीचा विषयच सोडा, त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलला जा. आणि सुजलेल्या पापण्यांमागे थायरॉईड, किडनी, अ‍ॅलर्जी यातलं काहीही निघतं. आत्याला विचारलं थायरॉईड कधी तपासलास, तर म्हणे "तो तुझ्या काकांना आहे ना, मला कशाला असेल." काय बोलायचं!

सुश्रुताचं. मला वाटलं होतं हे साफ खोटं असेल, पण नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोप नावाच्या आजारावर पापणीचं ऑपरेशन खरंच दिलंय: भुवईखालची कातडी सोडून जवाच्या दाण्याच्या आकाराचा आडवा तुकडा काढायचा आणि केसाने शिवून टाकायचं. भुवईखाली कातडी सोडायची हे त्यालाही कळत होतं, हे वाचून मी खरोखर हात जोडले. पण तो आजार म्हणजे पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचणं. सुश्रुत डोळा वाचवत होता, लग्नाच्या अल्बमची तयारी करत नव्हता. पापणीच्या ऑपरेशनचं आजचं ब्लेफरोप्लास्टी हे नाव तर १८१८ मध्ये फॉन ग्रेफे नावाच्या जर्मन सर्जनने काढलं, तेही कॅन्सर काढल्यावर पापणी दुरुस्त करायला. आणि जुनं आहे म्हणून साइड इफेक्ट नाही हे कुठलं लॉजिक, सुरी तर त्याहून जुनी आहे.

१५ मिनिटं, टाके नाहीत वगैरे: लेझर हे कापायचं एक हत्यार आहे, कापलं की शिवावं लागतं. खालच्या पापणीची चरबी आतल्या बाजूने काढली तर बाहेर टाके दिसत नाहीत हे खरं, तेवढं त्यांना देऊन टाकू. वरच्या दोन पापण्यांना नीट केलं तर तासभर तरी जातो, टाके पाच ते सात दिवसांनी निघतात, काळंनिळं आणि सूज उतरायला दोन आठवडे धरा, व्रण पूर्ण फिका व्हायला काही महिने. दुसऱ्या दिवशी लग्नाला उभे राहा, हो, राहा, पाहुणे विचारतील कुणी मारलं. त्या दिवसांत वाकून केर काढणं, जड उचलणं, जोरात खोकणं सगळं टाळायचं. सिगारेट, तंबाखू आधीच थांबवायचे, आणि मशेरी हा पण तंबाखूच, कारण निकोटीनने जखम उशिरा भरते.

काळी वर्तुळं बहुतेकांची कातडीच्या रंगामुळे असतात, आपल्याकडे तर घराघरात आहेत, आजी-आई-मुलगी तिघींना. चरबीच्या पिशवीची सावली पडून काळं दिसत असेल तेवढंच कमी होतं. रंग ऑपरेशनने जात नाही. आयुष्यभराचं म्हणाल तर परिणाम बरीच वर्षं टिकतो, पण वय काही थांबत नाही.

मेडिक्लेमचं मात्र वाचून घ्या. बहुतेक पॉलिसींत एक ठरलेला अपवाद छापलेला असतो, एक्सक्लुजन कोड ०८, कॉस्मेटिक सर्जरीचा. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा वैद्यकीय गरज असेल तरच सूट. म्हणजे पापणीमुळे नजरच झाकली जातेय हे दाखवावं लागतं, त्यासाठी वर-कडेला कुठपर्यंत दिसतं ते मोजायची फील्ड टेस्ट करतात, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा टेप लावून वर धरून. तेही कंपनी मानेल तेव्हा. आधी लेखी विचारा.

करू नका असं मी म्हणतच नाहीये. चांगल्या हाताने, योग्य पेशंटला केलेलं हे ऑपरेशन छान होतं, आमच्याकडे येणाऱ्या बायका खूश होऊन जातात. फक्त करणारा प्लास्टिक सर्जन असावा किंवा ऑक्युलोप्लास्टी (पापण्यांची सर्जरी) शिकलेला डोळ्यांचा डॉक्टर, आणि त्याचा रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधता येतो. त्या ऑफरच्या फोटोत डॉक्टरचं नावच नव्हतं, नुसतं 'तज्ज्ञ टीम'.

आत्याने त्याच दिवशी तिच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आधी झापलं, मग गोळ्या लगेच चालू करायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी बोलावून ईसीजी काढला. ठीक आहे सगळं. पापण्यांचं मात्र स्टेंटला वर्ष पूर्ण होऊन ते डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय नाही, म्हणजे लेकाचं लग्न याच पापण्यांनी. दोन दिवस फुगून बसली होती माझ्यावर. काल मेसेज आला, "फोटोला चष्मा ठेवू की काढू?" म्हटलं ठेव, आणि थायरॉईडचा रिपोर्ट पाठव.