हेलिओस ४४-२ बद्दलच्या दोन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या दुकानातून हेलिओस ४४-२ ही ५८ मिमीची जुनी, हाताने फोकस करायची लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने नेलीत आणि प्री-वेडिंग शूटनंतर दोन स्टार दिलेत. तुमच्या तक्रारी चार: बॅकग्राउंडला भोवरा (मागचं दृश्य गोल फिरल्यासारखं दिसणं) आलाच नाही, डोळे शार्प नाहीत, उन्हाच्या दिशेने काढलेले फोटो पांढुरके आले आणि सुरुवातीची वीस मिनिटं कॅमेरा क्लिकच होईना. लेन्स खराब आहे, पैसे परत द्या, असं तुम्ही लिहिलंय. पैसे परत देतोय. लेन्स मात्र ठीक आहे, आणि ते तुम्ही रिव्ह्यूत टाकलेल्या फोटोंवरून दाखवता येतं.

आधी आमची चूक. तुमची कॅमेरा बॉडी क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची आहे आणि हे आम्ही विचारलंच नाही. साधा एम४२ ॲडॅप्टर (जुनी स्क्रूची लेन्स नव्या बॉडीला जोडणारी कडी) लावून लेन्स हातात दिली. आमच्या पेजवरचे नमुना फोटो सगळे फुल फ्रेमवर काढलेले आहेत. भोवरा फ्रेमच्या कडेला सगळ्यात जोरदार असतो. फुल फ्रेमचा कोपरा मध्यापासून साधारण २१.६ मिमीवर असतो, क्रॉपचा जेमतेम १४ मिमीवर. म्हणजे ज्या भागासाठी ही लेन्स लोक घेतात, तोच भाग तुमच्या सेन्सरच्या बाहेर पडला. अशा बॉडीसाठी ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर (लेन्सचं चित्र लहान करून सेन्सरवर बसवणारा काचेचा ॲडॅप्टर) द्यायला हवा होता. त्याने लेन्सची फोकल लेंग्थ ५८ ची साधारण ४१ मिमी होते, प्रकाश एक स्टॉप, म्हणजे दुप्पट वाढतो आणि कडा बऱ्याचशा परत मिळतात. भाडं परत करण्याचं कारण हेच आहे.

पण नुसत्या क्रॉपमुळे भोवरा इतका पुसला जात नाही. तलावपाळीचा रात्रीचा फोटो मोठा करून बघा. जोडप्याच्या मागच्या दिव्यांच्या चकत्या अष्टकोनी आहेत, अगदी कोपऱ्यातल्यासुद्धा. या लेन्सच्या ॲपर्चरला (प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाला) आठ पाती आहेत. चकतीला कोन दिसले, की पाती मिटलेली होती हे नक्की. फोटो एफ/२ वर, म्हणजे पूर्ण उघड्या ॲपर्चरवर निघालेला नाही, एफ/४ च्या आसपासचा असावा. आणि भोवऱ्याचा सगळा खेळ एफ/२ वरच आहे. कडेकडून तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या पुढच्या आणि मागच्या काचेच्या कडांनी थोडा कापला जातो, म्हणून तिथली चकती गोल न राहता मांजराच्या डोळ्यासारखी लांबट होते. या लांबट चकत्या मध्याभोवती रिंगण धरतात आणि आपल्याला बॅकग्राउंड फिरल्यासारखं वाटतं. ॲपर्चर मिटलं, की प्रकाश मधल्या पात्यांनीच कापला जातो, सगळ्या चकत्या एकसारख्या होतात आणि रिंगण मोडतं.

पाती मिटली कशी, तेही सांगतो, कारण ही गफलत फार जणांची होते. ४४-२ ला ॲपर्चरच्या दोन रिंगा आहेत. पुढची टकटक करत फिरते, ती मर्यादा ठरवते. तिच्या मागची बिनआवाज फिरते, ती पूर्ण उघडं आणि ठरवलेली मर्यादा यांच्यामध्ये पाती उघडते-मिटते. पुढची ४ वर राहिली आणि बॅग काढता-घालताना मागचीला धक्का लागला, की लेन्स गुपचूप ४ वर जाते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ॲपर्चरचा आकडा दिसत नाही, कारण दोघांमध्ये इलेक्ट्रॉनिक जोडणीच नाही. उपाय सोपा: पुढची रिंग २ वर आणून ठेवा. मग मागची कितीही फिरली तरी पाती मिटूच शकत नाहीत. शंका आली तर लेन्समध्ये समोरून बघा, पात्यांची कड दिसता कामा नये.

उपवन तलावाच्या फोटोत मागे पाणी आणि मोकळं आकाश आहे. तिथे फिरायला काही नाहीच. भोवऱ्यासाठी मागे ठिपके हवेत: पानांच्या फटींतून झिरपणारा उजेड, दिव्यांच्या माळा, जाळीचं कुंपण. माणूस दीड ते दोन मीटरवर, झाडी त्याच्यामागे तीन ते सहा मीटर, आणि चेहरा फ्रेमच्या मध्याजवळ. झाडी फार लांब असेल तर पानं एकमेकांत विरघळून सपाट हिरवा रंग उरतो. अगदी जवळ असेल तर पानं पानंच दिसतात. उपवनलाच पाण्याकडे पाठ करून झाडांकडे वळला असतात, तर त्याच उजेडात वेगळा फोटो मिळाला असता. भर उन्हात एफ/२, आयएसओ १०० वर शटर साधारण १/६४०० लागतं. बॉडी १/४००० वर थांबत असेल तर ४९ मिमीचा एनडी८ फिल्टर (प्रकाश एक-अष्टमांश करणारी गडद काच) लावा, म्हणजे १/८०० वर काम होतं.

डोळ्यांचं. दीड मीटरवर, एफ/२ ला, क्रॉपवर शार्प पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटरचा असतो. मॉडेल श्वास घेताना हलली तरी डोळा त्यातून निसटतो. फोकस पीकिंगच्या (शार्प कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) लाल रेघांवर विसंबू नका. उघड्या ॲपर्चरला त्या नाकावरही येतात आणि कानावरही. जवळच्या डोळ्यावर व्ह्यू मोठा करा, फोकस लावा आणि लगेच तीन-चार फ्रेम सलग काढा. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ हाताने ५८ भरा. तिथे आधीच्या लेन्सचा आकडा राहिला तर चित्र उलट हलतं. रिड्यूसर लावलात तर ४१ भरा.

पांढुरकेपणासाठी लेन्स परत आल्यावर आम्ही मागून टॉर्च मारून पाहिली. बुरशीचे तंतू नाहीत, काचेवर धुकं नाही. धुळीचे दोन-तीन कण आहेत, त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. जुनं कोटिंग साधं असतं, त्यामुळे सूर्य थेट काचेवर पडला की काळा रंग राखाडी होतो. हूड लावा, नाहीतर तळहाताची सावली धरा. हूड आम्ही सोबत दिला नव्हता, हीही आमचीच कसूर.

क्लिक न होण्याचं कारण मेनूतलं ‘रिलीज विदाउट लेन्स’ बंद असणं. अशी लेन्स लावली की बऱ्याच बॉडींना लेन्स नाहीच असं वाटतं. ते चालू करायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते काउंटरवरच करून द्यायला हवं होतं.

भाडं आणि डिपॉझिट दोन्ही आज तुमच्या खात्यावर परत पाठवलंय. रिड्यूसर, हूड आणि एनडी८ यांच्यासह हीच लेन्स एका दिवसासाठी विनाभाडं न्या. येताना बॉडी घेऊन या, मेनू इथेच लावून देऊ, आणि सोबत जास्तीची बॅटरी ठेवा. व्ह्यू सारखा मोठा करून पाहिला की ती लवकर उतरते.